बातमीदार ते दप्तरदार : चिमठाण्याचा खजिना, धुळ्याची दप्तरे आणि एका पत्रकाराचे स्थलांतर

१/ १४ एप्रिल १९४४. तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील शिंदखेडा तालुका. चिमठाणे गावाजवळ, धुळ्याहून निघालेला इंग्रज सरकारचा खजिना क्रांतिकारकांनी ताब्यात घेतला. रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपये. या कारवाईत साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी आघाडीवर होते. खानदेशातून डॉ. उत्तमराव पाटील आणि भूमिगत चळवळीतील त्यांचे सहकारी सोबत होते. कृष्णाकाठचे तरुण तापी खोऱ्यात येऊन लढले आणि खानदेशने त्यांना वाट दाखवली, आसरा दिला.

२/ इंग्रज सरकारच्या लेखी हा दरोडा होता. लोकांच्या तोंडी मात्र तो 'धुळे खजिना लूट' म्हणून राहिला, आणि पुस्तकांतही बहुधा याच नावाने येतो. या नावातील 'लूट' हा शब्द कोणाचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारला प्रतिसरकारच्याच एका सैनिकाने, घटनेला सात दशके उलटून गेल्यावर, कुंडलमध्ये, आपल्याला भेटायला आलेल्या एका पत्रकारापाशी. त्या पत्रकाराचे नाव पालगुम्मी साईनाथ. तोवर त्याने वृत्तपत्रातील पद सोडले होते आणि तो एका ना-नफा जालीय संस्थेचा संस्थापक-संपादक झाला होता.

३/ हा धागा त्या स्थलांतराचा आहे. छापील वृत्तपत्रातून एका विनामूल्य जालीय दप्तराकडे पत्रकार का जातो, त्यात तो काय मिळवतो आणि काय गमावतो? हे समजून घेण्यासाठी खानदेशाइतकी सोयीची भूमी क्वचितच सापडेल. कारण पदरमोड करून लोकांचे दप्तर उभे करण्याचा उद्योग धुळे आणि जळगाव या दोन शहरांच्या परिसरात शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे.

४/ थोडी पार्श्वभूमी. १९०६ साली अखंड खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले : पूर्व खानदेश, मुख्यालय जळगाव, पश्चिम खानदेश, मुख्यालय धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. कापूस, केळी, सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी वस्ती आणि अहिराणी बोली ही या प्रदेशाची ओळख. पुण्या-मुंबईच्या छापखान्यांपासून हा मुलूख दूर. म्हणूनच येथील माणसांनी आपले कागद आपणच जपले.

५/ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे एकूण बावीस खंड काढले. त्यांची पद्धत सर्वश्रुत आहे. गावोगाव पायपीट करायची, वाड्यांतील माळे-तळघरे धुंडाळायची, वाळवीच्या तोंडून कागद सोडवायचे आणि स्वतःच्या हाताने उतरवून काढायचे. सरकारी आश्रय नाही, पगार नाही. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

६/ त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. भास्कर वामन भट यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. राजवाड्यांनी जमवलेले कागद विखरून जाऊ नयेत, ही तातडी त्यामागे होती. त्याआधीच, १८९३ पासून, धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काम करीत होती. तिचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांत जाऊन रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते मिळवली, आणि तो संग्रह पुढे धुळ्याच्याच समर्थ वाग्देवता मंदिरात स्थिरावला. एका जिल्ह्याच्या गावात दोन मोठी दप्तरे, दोन्ही लोकाश्रयावर उभी.

७/ या दप्तरांचे मोल निर्विवाद आहे. पण त्यांची एक मर्यादाही आहे. कागद ज्याच्या घरी होता, त्याचाच इतिहास कागदात आला. सरदार, देशमुख, कुलकर्णी, मठाधिपती यांची पत्रे मिळाली. निंदणी करणारी बाई, सालगडी, डोंगरातला भिल्ल यांची पत्रे मिळाली नाहीत, कारण ती लिहिलीच गेली नव्हती. ही माणसे दप्तरात आढळतात ती सारा-वसुलीच्या आकड्यांत किंवा गुन्ह्याच्या नोंदीत. त्यांच्या तोंडचे वाक्य क्वचितच सापडते. हा दोष राजवाड्यांचा किंवा देवांचा नव्हे. तो लिखित साधनांचाच स्वभाव आहे.

८/ तोंडचे वाक्य कागदावर कसे उतरते, याची दोन उदाहरणे खानदेशातच आहेत. पहिले धुळ्याच्या तुरुंगातले. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, अठरा रविवारी, विनोबा भावे यांनी तेथील सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. विनोबांनी ती लिहिली नव्हती. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ती उतरवून घेतली. आज 'गीता प्रवचने' म्हणून अनेक भाषांत वाचला जाणारा ग्रंथ त्या टिपणांतून निर्माण झाला. सहकैदी म्हणून गुरुजी तेथे नसते, तर ते शब्द बराकीतच विरले असते.

९/ दुसरे उदाहरण जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या गाणी रचीत. पुत्र सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी त्यांतील काही टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. मराठी कवितेतील एक श्रेष्ठ नाव कवयित्रीच्या मृत्यूनंतर, घरातल्या एका वहीमुळे, आणि अत्र्यांसारख्या संपादकाच्या नजरेमुळे महाराष्ट्राला कळले.

१०/ दोन्ही ठिकाणी योगायोग निर्णायक ठरला. तुरुंगात नेमका लिहिणारा सोबती होता; घरात नेमका कवी असलेला मुलगा होता. ज्यांच्या शेजारी असा लिहिणारा कोणी नव्हता, त्या हजारो मुखांचे काय झाले, याची कल्पनाच करावी लागते. योगायोगाची जागा जेव्हा संस्था घेते, तेव्हा दप्तर उभे राहते. राजवाडे मंडळाने कागदांसाठी ते केले. बोलणाऱ्यांसाठी तसे काही नव्हते.

११/ साने गुरुजींनी याच खानदेशात पत्रकारिताही केली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना ते वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढीत. ६ एप्रिल १९३८ रोजी त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले. शेतकऱ्यांचा सारा आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी हे त्यांच्या त्या काळातील लढ्यांचे विषय होते. पुढे १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक निघाले. नफ्यासाठी पत्र चालवायचे नाही, हे दोन्ही वेळी गृहीतच होते. शिक्षक, बातमीदार आणि संस्थाचालक या तीन भूमिका एकाच माणसात नांदू शकतात, हे खानदेशने तेव्हाच पाहिले होते.

१२/ आता साईनाथ. जन्म १९५७, मद्रास. राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांचे ते नातू. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी इतिहासाचे शिक्षण घेतले. इतिहासप्रेमी वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९८० साली ते 'यूएनआय' या वृत्तसंस्थेत रुजू झाले. त्यानंतर मुंबईत, आर. के. करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकात सुमारे दहा वर्षे काढली आणि उपसंपादकपदापेक्षा वरच्या, संपादकाखालोखाल असलेल्या जबाबदारीपर्यंत पोहोचले. मुंबई हेच त्यांचे कार्यस्थान झाले. सोफिया पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी पत्रकारितेच्या अनेक पिढ्यांना शिकवले.

१३/ १९९१ नंतर देशाची अर्थनीती बदलली आणि वृत्तपत्रांची पानेही बदलली. शेअर बाजार, मोटारी, खाद्यसंस्कृती यांना पुरवण्या मिळाल्या. शेती आणि मजुरी यांना पूर्णवेळ वार्ताहरही उरला नाही. १९९३ साली साईनाथ यांनी 'ब्लिट्झ'मधील स्थिर पद सोडले आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'ची अभ्यासवृत्ती घेऊन देशातील अतिगरीब जिल्ह्यांची वाट धरली. हे त्यांचे पहिले स्थलांतर. त्या भ्रमंतीत सुमारे एक लाख किलोमीटर प्रवास झाला, त्यांपैकी सुमारे ५,००० किलोमीटर पायी. राजवाड्यांच्या पायपिटीची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. फरक इतकाच की राजवाडे कागद शोधत होते आणि साईनाथ माणसे.

१४/ त्या वार्तापत्रांतून १९९६ साली 'एव्हरीबडी लव्हज अ गुड ड्रॉट' हे पुस्तक निघाले. त्याची पद्धत इतिहासाच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावी अशी आहे. लेखकाने दुष्काळाकडे घटना म्हणून पाहिले नाही, प्रक्रिया म्हणून पाहिले. पाऊस किती पडला यापेक्षा टँकरचे कंत्राट कोणाला मिळाले, शाळा कागदावर आहे की गावात, धरणाने उठवलेले गाव दुसऱ्यांदा का उठवले गेले, असे प्रश्न विचारले. उपासमारीने मृत्यू झाला तर बातमी होते. रोज अर्धपोटी झोपणे ही बातमी होत नाही. पत्रकारितेच्या या जुन्या व्याख्येलाच तो धक्का होता.

१५/ २००४ ते २०१४ या काळात ते 'द हिंदू' दैनिकाचे ग्रामीण घडामोडींचे संपादक होते. विदर्भातील कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांवर त्यांनी सातत्याने लिहिले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांचा अर्थ लावून १९९५ ते २०१० या सोळा वर्षांत देशात अडीच लाखांहून अधिक शेतकऱ्यांनी जीवन संपवल्याचे त्यांनी वाचकांपुढे मांडले. या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कापूस हेच मुख्य पीक असलेल्या जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला या लेखनातील कर्ज, बियाणे आणि भाव यांचे गणित परके नव्हते.

१६/ त्यांनी वारंवार सांगितलेला एक प्रसंग २००६ मधला. मुंबईत एका मोठ्या फॅशन सप्ताहाच्या वार्तांकनासाठी ५१२ पत्रकारांची नोंदणी झाली होती. तेथे सुती वस्त्रे मिरवली जात होती. त्याच आठवड्यात विमानाने तासाभराच्या अंतरावरील विदर्भात कापूस पिकवणारे मरत होते आणि तेथे बाहेरून आलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजता येत होते. येथे आरोप कोणा एका बातमीदारावर नव्हता. बातमीदाराला कोठे पाठवायचे, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेवर होता.

१७/ २००९ साली महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे गुणगान करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत, बातमी म्हणून, जवळजवळ शब्दशः छापला गेल्याचे साईनाथ यांनी दाखवून दिले. 'पेड न्यूज' हा शब्द त्यानंतर महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. भारतीय वृत्तपत्र परिषदेनेही या प्रकाराची चौकशी केली. इतिहासाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. उद्याचा संशोधक आजचे वृत्तपत्र साधन म्हणून उघडणार. त्यातील बातमीच विकत घेतलेली असेल, तर ते दप्तर बनावट ठरते.

१८/ २०१४ च्या मध्याला साईनाथ यांनी 'द हिंदू' सोडले. २० डिसेंबर २०१४ रोजी 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' म्हणजेच 'पारी' हे संकेतस्थळ सुरू झाले. काउंटरमीडिया ट्रस्ट ही ना-नफा संस्था ते चालवते. वाचकाकडून शुल्क नाही. काम चालते ते देणग्या आणि अनेक स्वयंसेवकांच्या श्रमांवर. २०११ च्या जनगणनेनुसार ग्रामीण भारतात सुमारे ८३ कोटी माणसे राहतात. त्यांचे रोजचे जगणे, कामधंदे, बोली, कला आणि लढे नोंदवणे हे पारीने आपले कार्य मानले.

१९/ नावातील 'आर्काइव्ह' हा शब्द महत्त्वाचा. साईनाथ दुसरे वृत्तपत्र काढू शकले असते. त्यांनी दप्तर काढले. वृत्तपत्राचा अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. दप्तरातील नोंद पन्नास वर्षांनी उपयोगी पडावी, म्हणून ठेवली जाते. त्यामुळे नोंदीचे निकषही बदलतात. माणसाचे पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, तो करीत असलेल्या कामाची कृती, त्याचा आवाज, चेहरा हे सर्व हवे. पारीचा एक उपक्रम तर प्रत्येक जिल्ह्यातील माणसांचे चेहरे जमवण्याचाच आहे. राजवाड्यांच्या खंडांत जे अनाम होते, त्यांना येथे नाव मिळते.

२०/ या पद्धतीचे सर्वांत मोठे मराठी फळ म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्यातील आपल्या संस्थेमार्फत महाराष्ट्रातील हजारावर गावांतून ३,३०० हून अधिक स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या होत्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील हजारो ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. तोवर गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या आणि जाती कोपऱ्यात गेली होती. हा ठेवा पुढे पारीकडे आला आणि २०१७ पासून तो गायिकेच्या नावासह, गावासह, आवाजासह लोकांपुढे येऊ लागला.

२१/ बहिणाबाईंच्या शेजारी सोपानदेव होते. या ३,३०० बायांच्या शेजारी कोणी कवी नव्हता. पण एक संस्था होती आणि नंतर दुसरी संस्था आली. योगायोगाची जागा व्यवस्थेने घेतली, ती अशी. येथे छापील माध्यमाची अडचणही लक्षात येते. एक लाख ओव्या कोणता प्रकाशक छापील आणि त्यांतील गळा कागदावर कसा उमटेल? जालावर मात्र ध्वनी, चित्र, मूळ शब्द आणि अनुवाद एकाच ठिकाणी ठेवता येतात. दप्तर जालावर नेण्याचे कारण केवळ काळाची फॅशन नव्हते.

२२/ आणि आता पुन्हा प्रतिसरकार. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात सातारा-सांगली पट्ट्यातील शेकडो गावांत पर्यायी सरकार चालले. त्याची सशस्त्र शाखा तुफान सेना. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे या सेनेने पगाराची रक्कम घेऊन जाणारी आगगाडी अडवली. तिचे एक नायक रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजेच कॅप्टन भाऊ, साईनाथ यांना कुंडलमध्ये भेटले तेव्हा नव्वदी ओलांडून गेले होते. 'लूट' या शब्दावर त्यांनी आक्षेप घेतला. इंग्रजांनी या देशातील लोकांकडून चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे होते.

२३/ हा आक्षेप चिमठाण्यालाही तंतोतंत लागू पडतो. तेथील साडेपाच लाखही शेतसाऱ्यातून आणि करांतूनच जमलेले होते. इंग्रजी कागदपत्रे पाहणारा संशोधक 'दरोडा' हा शब्द उचलील. लोककथा ऐकणारा 'लूट' म्हणेल. त्या घटनेतील माणसाने स्वतः कोणता शब्द वापरला, हे कळण्यासाठी त्याच्यापुढे कोणीतरी जाऊन बसावे लागते. जी. डी. बापू लाड २०११ साली गेले, नागनाथअण्णा २०१२ साली. पारी सुरू झाली तेव्हा चिमठाण्याचे हे दोन्ही नायक हयात नव्हते. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई आणि कॅप्टन भाऊ मात्र नोंदवले गेले. हौसाताई २०२१ मध्ये आणि भाऊ २०२२ मध्ये निवर्तले. काही वर्षांच्या अंतराने एक शब्द हाती लागला आणि दुसरा निसटला.

२४/ अशी वाट धरणारे साईनाथ एकटे नव्हेत. 'महाराष्ट्र टाइम्स'मधील पत्रकार दिनकर गांगल यांनी १९७५ साली सहकाऱ्यांसह 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ उभारली आणि २०१० मध्ये 'थिंक महाराष्ट्र' या जालीय उपक्रमाद्वारे मराठी समाजाची माहिती संकलित करण्यास आरंभ केला. जगात पाहिले, तर कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेतील पत्रकार स्यू गार्डनर २००७ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनच्या प्रमुख झाल्या. त्याच वर्षी 'वॉल स्ट्रीट जर्नल'चे पॉल स्टायगर यांनी 'प्रोपब्लिका' या ना-नफा शोधसंस्थेची धुरा घेतली. जाहिरातींवर चालणारे वृत्तपत्र डळमळू लागल्यावर अनुभवी संपादक ठिकठिकाणी हाच विचार करीत होते.

२५/ मात्र हे स्थलांतर सुखाचे नसते. मोठ्या दैनिकातील लेख सकाळी मंत्रालयातल्या टेबलावर असतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते. जालावरील नोंद शोधून वाचावी लागते. बातमीदाराने बातमी लिहावी आणि वेतन घ्यावे; संस्थाचालकाने मात्र निधी जमवावा, हिशेब ठेवावेत, अनुवादक, छायाचित्रकार आणि संपादक यांची घडी बसवावी. देणगीवर उभी असलेली संस्था देणगीदार आटले की अडचणीत येते. संस्थापकाचे नाव मोठे असेल, तर त्याच्यानंतर काय, हा प्रश्न तिला सतत भेडसावतो. धुळ्याच्या मंडळाला राजवाड्यांच्या पश्चात उभे राहावे लागले. प्रत्येक लोकाश्रयी दप्तराची खरी परीक्षा तीच.

२६/ आणखी एक अडचण भाषेची. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात ७८० भाषा नोंदवल्या गेल्या. पारीचा मजकूर इंग्रजीसह मराठी आणि अन्य अनेक भाषांत अनुवादित होतो, ही मोठीच कामगिरी. परंतु शिरपूरची वृद्धा बोलते अहिराणीत, सातपुड्यातला माणूस बोलतो पावरीत किंवा भिलीत. ते बोलणे प्रमाण मराठीत आले की त्यातील काही निसटते. बहिणाबाईंची गाणी टिकली ती त्यांच्या बोलीसकट. त्यांना पुण्याची मराठी नेसवली असती, तर काय उरले असते? मूळ आवाज जपणे म्हणूनच अनुवादाइतकेच अगत्याचे ठरते.

२७/ समारोप. राजवाड्यांनी कागद वाचवले, कारण कागदांना वाळवी लागत होती. ओव्यांच्या संग्राहकांनी आवाज वाचवले, कारण जाती थांबत होती. साईनाथ यांनी वृत्तपत्र सोडून दप्तर उभारले, कारण वृत्तपत्रात गावाला जागा उरली नव्हती. तिघांच्याही कामात घाई होती, आणि ती घाई अनाठायी नव्हती.

२८/ चिमठाण्याच्या घटनेला २०२४ साली ऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्या रात्री कोणाच्या घरी भाकरी थापल्या गेल्या, कोणत्या बाईने निरोप पोहोचवला, पोलिसांच्या झडतीत कोणी मार खाल्ला, हे कोणत्याही सरकारी कागदात नसते. ते त्या घरांतील नातवंडांच्या आठवणीत असते, जोवर त्या आठवणी आहेत तोवर. धुळ्यात राजवाड्यांचे दप्तर आजही उभे आहे. त्यात ज्याला जागा मिळाली नाही, त्याचे दप्तर आता गावातल्या ओसरीवर, एखाद्या आजीपुढे बसून, तिच्याच शब्दांत लिहावे लागेल.

(धागा समाप्त)